ठोकून बसवलेली माती

या, जरा पुढे सरकून बसा. लांब बसलं की सूर तेवढा कानावर येतो आणि शब्द वाटेत सांडतात. आजच्या गोष्टीतला एकही शब्द सांडायला नको. फरशीवाल्यांच्या या घरातले बाबा गेले ते आपण ऐकलं, त्यांच्यामागे थोरल्याने धंदा कसा सावरला तेही ऐकलं. आज परसात जाऊ. देवाने माणसाला हात दिले, हातांना कसब दिलं, कसबाबरोबर थोडा ताठाही दिला. तो ताठा कधी मिरवायचा आणि कधी खाली ठेवायचा, एवढं मात्र ज्याचं त्याच्यावर सोडलं. एका रविवारी, सगळं घर जेवायला जमलेलं असताना, थोरल्याला ते ठरवावं लागलं. चांगली गोष्ट आहे. ऐकून उठाल तेव्हा छाती थोडी रुंद झालेली असेल, एवढं मी कबूल करून ठेवते.

त्या सकाळी आई नेहमीसारखी झारी घेऊन परसात उतरली. डाव्या हाताला कपडे धुवायचा दगड, उजवीकडे भिंतीशी रचून ठेवलेल्या जुन्या फरश्या, आणि मधल्या उघड्या जागेत वाफे. त्या फरश्या बाबांनी स्वतः बसवलेल्या. त्या उखडायचं ठरलं तेव्हा थोरल्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. उखडायचीच असेल तर माझ्या हाताने उखडेन म्हणाला, आणि एकीचाही कोपरा न उडवता त्याने सगळ्या सोडवल्या.

थोरल्याला घरात आणि धंद्यात सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूसही तसाच. तिरकी टांगलेली तसबीर दिसली तर परक्याच्या घरातही उठून सरळ करील. त्याने केलेले वाफे कसे असतील ते तुम्हीच ओळखा. कडा दोरीने आखलेल्या, कोपरे काटकोनात, आणि वरून असे सपाट की पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध उभा राहावा. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी गच्चीवरून बघून विचारलं होतं, भाजी लावताय की पाहुण्यांसाठी पलंग घातलेत?

फक्त त्यात काही उगवलं नव्हतं. सुरुवातीला पालकाची इवली पानं वर आली, आणि आईने ती गल्लीतल्या प्रत्येकीला हाताला धरून आणून दाखवली. मग त्यांनी मान टाकली. मुळ्याने तर तोंडच दाखवलं नाही. घेवड्याचं बी तिने उकरून पाहिलं, ते कुजून मऊ झालेलं. पाणी तर ती रोज घालत होती, आणि घातलेलं पाणी वर चमकत राहायचं. आईला वाटायचं, माती पाणी धरून ठेवते आहे, गुणाची माती आहे.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हे परस मातीचंच होतं. बाबांना माल ठेवायला जागा हवी झाली आणि फरशी पडली. माझ्यापुरता एक कोपरा उघडा ठेवा, असं ती म्हणाली होती. तो ठेवायचा राहून गेला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. घर वाढत होतं, काम वाढत होतं, कोपरा तेवढा मागे पडला. म्हणून घरच्या मागच्या बैठकीत, ओळंबा, काका आणि जावई असे तिघे परसात पत्र्याची शेड घालायचं म्हणाले, तेव्हा आईने पहिल्यांदा घरात आवाज चढवला होता. एक हंगाम मला द्या, माझ्या परसातलं काही तुमच्या ताटात पडलं नाही तर खुशाल शेड बांधा, मी पुन्हा त्यावर अवाक्षर काढणार नाही.

तो हंगाम आज संपत होता. आईने झारी रिकामी केली, पदराने हात पुसले आणि वर गेली. दिलेला शब्द पाळायचा तर रडव्या चेहऱ्याने पाळायचा नाही, एवढं तिने पायरीवरच ठरवलं.

दुपारी मंडळी आली. काका पुढे, कारण काका नेहमीच पुढे. बाबांचा धाकटा भाऊ. गुडघे फरशीवर घासून गेलेले, पण आवाज शाबूत. त्यांच्यामागे लेक आणि जावई. जावई पत्र्याच्या शेड बांधतो. त्याच्या काखेत गुंडाळलेला कागद होता, आणि तो सासूला दिसू नये म्हणून बिचारा दारातून आडवा आत आला.

"काय जावईबापू, काखेत बंदूक आहे का?" काकांनी विचारलं.

"नकाशा आहे, काका."

"मग दाराआड उभा करा. जेवणाआधी निघाला तर वहिनींच्या हातचं पचायचं नाही."

बसायला नेहमीप्रमाणे खोक्यांवरच बसावं लागलं. पुढच्या खोलीत फरश्यांच्या खोक्यांची छातीएवढी भिंत झाली होती, खिडकी अर्धी झाकली होती, आणि मुलं अभ्यासाला खोक्यांच्या बोळात बसत. ओळंब्याला शेड हवी होती ती हौसेखातर नव्हे. काका त्याच्या बाजूचे, कारण माल उघड्यावर राहणं म्हणजे धंद्याची अब्रू उघड्यावर. जावई त्याच्या बाजूचा, कारण सासरी आपल्या हातचं एखादं बांधकाम असावं असं त्याला लग्नापासून वाटत होतं. लेक आधी आईच्या बाजूची होती. पण आज येताना तिने ओसाड वाफे पाहिले आणि तिचं मन वळलं. स्वयंपाकघरात ती आईला म्हणाली, की वाकून वाकून कंबर धरेल तुझी, हवी तर मी आठवड्याची भाजी आणून देत जाईन.

"भाजी बाजारातही मिळते गं," आई म्हणाली आणि पुढचं बोलायचं सोडून पानं घ्यायला लागली.

थोरली सून तेवढी कुठल्याच बाजूला नव्हती. ती दवाखान्यात नर्स आहे. रोग्याचं तोंड बघण्याआधी तिची नजर चादरीकडे जाते. भाजी धुतलेलं पाणी घेऊन ती परसात आली, मोठं पातेलं वाफ्यात ओतलं, पातेलं घासलं, विसळलं आणि मग उभी राहून बघत राहिली. ओळंबा दगडावर बसून हात धूत होता.

"अहो, हे पाणी खाली जात नाहीये."

"जाईल."

"कधी? आपल्या मोरीत तुंबतं तसं तुंबलंय." तिने हातातलं उलथनं वाफ्यात खुपसलं. ते बोटभर गेलं आणि टक् वाजून थांबलं. "खाली काय आहे?"

"माती आहे, दुसरं काय असणार?"

"मग वाजलं कसं?"

"ठोकलेली आहे," ओळंबा म्हणाला, आणि सुरुवातीला तो हे ताठ मानेने सांगत होता. "नुसती भुसभुशीत कशी सोडू? पाण्याने खचली असती, खड्डे पडले असते. धुमस फिरवून दाबून घेतली, मग वरून चाळलेली माती पसरली."

धुमस म्हणजे लांब दांड्याला बसवलेला लोखंडाचा जड ठोकळा. फरशीखालची जमीन त्याने ठोकून घट्ट करतात. या घरातल्या पुरुषाला पहिला धडा तोच मिळतो. ठोकल्याशिवाय वर काही बसवायचं नाही, खचलेली जमीन म्हणजे घराण्याला बट्टा. पिढ्यान्‌पिढ्या या घराचं मातीशी एवढंच नातं, तिला ठोकायचं आणि झाकायचं. ओळंब्याने वाफेही त्याच श्रद्धेने केले होते, देवघराची फरशी घालावी तसे.

पण वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने वाफ्याकडे पाहिलं. पाणी वर चमकत होतं. त्यात आभाळ अगदी सरळ दिसत होतं.

"आईंना माहीत आहे?" सुनेने विचारलं.

"ती तेव्हा ताईकडे राहायला गेली होती."

तिने उलथनं पुसलं. नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मी पानं वाढते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

ओळंबा दगडावर बसून राहिला. देव माणसाची परीक्षा घेतो तेव्हा गाजावाजा करत नाही. पान वाढलंय, चला, असं म्हणून घेतो. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं जेवायचं होतं. आई आपल्या तोंडाने शेडला हो म्हणणार होती, खोके बाहेर जाणार होते, पुढच्या खोलीत उजेड येणार होता. उलट बोललं तर काकांसमोर, आणि जावयासमोर सांगावं लागणार, की ज्याच्या हातचं काम आजवर कुणी उखडलं नाही म्हणून तो गावभर सांगतो, त्याने आईच्या भाजीसाठी हॉलची जमीन करून ठेवली.

सगळे पानांवर बसले. आईने सगळ्यांना वाढून झालंय का ते पाहिलं आणि घास घेण्याआधीच बोलायला लागली. आवाज स्वच्छ होता.

"आधी माझं ऐका, मग जेवा. या पानात माझ्या परसातलं काही नाही. मी शब्द दिला होता. शेड बांधा."

जिंकलेल्यांनाच खाली बघायची वेळ आली. जावयाने तर दाराआडचा नकाशा पायाने आणखी आत ढकलला. शेवटी काकांना राहवेना. वहिनींना बरं वाटावं म्हणून ते बोलले, आणि काकांचं बरं वाटवणं हा प्रकार घराला ठाऊक आहे. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, वाफे बघा कुणी केलेत, दादा असता तर पोराची पाठ थोपटली असती, त्यात दोष काढायला जागा नाही; मग उरलं काय, माती नाहीतर हात. लेकीने ते पुढे नेलं, तीही मायेनेच. एकेकीचा हात असतो, आई, तुझा नाही मातीचा.

आईने आपला उजवा हात पाहिला. त्या हातावर पाच माणसांचं घर उभं राहिलेलं. तिने तो हळूच पदराखाली घेतला आणि डाव्या हाताने पाण्याचं भांडं उगीच पुढे सरकवलं.

ओळंब्याने ते पाहिलं. घास पानात ठेवला आणि उठला.

वाढलेल्या पानावरून उठला म्हणून काका काही म्हणणार होते. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले. परसात कुणीतरी काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मग ओळंबा दारात दिसला, धुमस घेऊन. ती त्याने आईच्या पानाशेजारी आणून ठेवली. तशातही खालच्या फरशीला टवका उडू नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद टेकवली.

"आई, तुझ्या हातात काही खोट नाही. वाफे मी ठोकलेत. ह्या धुमसेने."

काकांनी धुमसेकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. "किती ठोकलेस?"

"खोलीची फरशी घालताना ठोकतो तितके."

काकांचे खांदे हलायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं ठसका लागला. "अरे, वर पाय वाजतील म्हणून तरी पालक घाबरला असेल रे. आणखी दोन दिवस गेले असते तर त्याला चकचकीत पॉलिश मारलं असतंस."

"तुम्ही आत्ता तारीफ कशाची करत होतात मग?" लेक म्हणाली.

"मी तरी दुसरं काय शिकलोय? मला वाफा दाखवलात, मला जमीन दिसली. उत्तम जमीन आहे ती. हत्ती उभा करा."

हसू एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, जावयालाही आलं. आई तेवढी हसली नाही. ती मुलाकडे बघत होती.

"तुला शेड नको झाली?"

"हवी आहे. आत्ताही हवी आहे."

"मग गप्प का नाही बसलास?"

"ताई म्हणाली तुझा हात मातीचा नाही. ते खोटं होतं."

कीर्तनात पदाची एक ओळ असते. बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं, फिरून तिच्यावरच येतं. या घराच्या कथेतली ती ओळ हीच, असं मला वाटतं. आईने पदराखालचा हात बाहेर काढला. पानांभोवती बसलेल्या एकेकाकडे तिने पाहिलं, जरा वरून, हा कुणाचा मुलगा आहे ते सगळ्यांना कळलं ना, अशा नजरेने. तोंडाने मात्र म्हणाली, की माझ्या पानावरून उठलाय, त्याला भात दुसऱ्यांदा मिळायचा नाही.

पण लगेच तिने नाही अशी मानही हलवली. हंगाम गेला तो गेला, कुणामुळे गेला ते नंतरचं. शब्द दिलाय, शेड होईल. आईचा ताठा तो. मुलात आला कुठून असेल, ते वेगळं सांगायला नको.

सगळे काकांकडे बघायला लागले. वहिनींपुढे बोलायचा मान त्यांचाच, आणि ते तर शेडवाले. काका पाणी प्यायले, त्यांनी ओठ पुसले.

"वहिनी, हंगाम गेला म्हणता, पण तो सुरू कुठे झाला? बी मातीत पडलं असतं तर हंगाम. ते तर फरशीच्या जमिनीवर पडलं. आमच्या धंद्यात काम सुरूच झालं नसेल तर मुदत संपत नाही. तुमचा शब्द जागच्या जागी आहे, त्याला धक्का लागलेला नाही."

"आणि मालाचं काय?" आई म्हणाली.

"माझ्या दारासमोर ओटा आहे. तिथे मी बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना नको ते सल्ले देतो. तो झाकून घ्या. गल्लीला तेवढाच आराम."

जावयाने मग नकाशा काढला. जमिनीवर उलगडला आणि बराच वेळ बघत बसला. पत्रा काकांच्या ओट्यावर चालेल, म्हणाला. पण खांबांची मापं परसाची आहेत. खांब इथेच रोवून वरून तारा ओढल्या तर घेवडा आणि भोपळा चढेल. आई त्याच्याशेजारी बसली आणि भोपळ्याला किती उंची लागते ते हात वर करून दाखवायला लागली. सासरी आपल्या हातचं काही उभं राहणार, ते या रूपाने राहणार होतं, आणि जावई त्यावर खूश होता.

ओळंबा पुन्हा जेवायला बसला नाही. कुदळ घेऊन खाली उतरला. मदतीला आलेल्यांना त्याने थांबवलं. माझं काम आहे, मीच उखडेन. बाबांची फरशी त्याने जपून सोडवली होती. स्वतःचं काम मात्र मोडताना दयामाया केली नाही. पहिला घाव उसळून परत आला, इतकी ती माती पक्की होती, आणि काकांनी पायरीवरून दाद दिली. मग ढेकळं सुटायला लागली. काळी, ओली, आतून वास सुटलेली. त्याच्या बाहेर जायच्या सदऱ्यावर चिखल उडाला. दारात उभ्या असलेल्या आईने त्याला सदरा बदल म्हणून सांगितलं नाही. तिने तो तसाच दिसू दिला. गच्चीवर शिक्षिकाबाई आल्या तेव्हा आईनेच हाक मारून सांगितलं, की हा माझा थोरला, स्वतःच्या हातचं काम स्वतः मोडतोय, तुम्ही पाहिलाय असा कुणी?

ऊन उतरल्यावर सगळेच मातीत होते. लेक ढेकळं फोडत होती आणि आईची नजर टाळत होती. आईने तिच्या हातात बियांची पुडी दिली आणि विषय तिथे मिटला. काकांनी खुर्ची मागवून बाबांच्या जुन्या फरश्या वाफ्यांमधून पायवाटेला घालून घेतल्या, खाली काही न ठोकता, नुसत्या टेकवून. हलतायत, ओळंबा म्हणाला. हलू दे, काका म्हणाले, दादालाही जरा मोकळं बसू दे.

शेवटी पालकाची ओळ आली. आई वाकून बोटाने रेघ ओढत चालली होती आणि रेघ निघाली होती भोपळ्याच्या दिशेला. ओळंब्याचा हात खिशातल्या दोरीवर गेला. सुनेने पाहिलं, आईनेही पाहिलं. तो दोन खुंट्या रोवून दोरी ताणणार, कोण त्याला अडवणार होतं? त्याने दोरी बाहेर काढली, बोटांभोवती गुंडाळली, आणि परत खिशात ठेवली.

"चुकतेय का रे?" आईने वर न बघता विचारलं.

"नाही. बरोबर चाललंय."

पुढे त्या परसातला पालक पानात पडला, मुळा पडला, भोपळे तर इतके झाले की गल्लीतल्या लोकांनी दार वाजलं की ओळखावं, आई भोपळा घेऊन आली आहे. पण तो उजव्या भिंतीकडचा पालक दर खेपेला वाकडाच येतो, कारण आई दर खेपेला तिथेच तशीच रेघ ओढते. ओळंबा त्या ओळीजवळून रोज जातो, आणि तिला हात लावत नाही.

त्याच्या हातच्या सरळ फरश्या घराघरांत आहेत. तिथे त्याची आठवण करून द्यायला कुणी लागत नाही, पाय टेकला की माणूस स्वतःच विचारतो, कुणी बसवली ही? माझं मागणं एवढंच, की देवासमोर हात जोडाल तेव्हा त्या वाकड्या ओळीसाठी त्याला आठवा.